नेटवर सापडलं, ग्रुपवर पाठवलं: वाचकांचे प्रश्न

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून समुद्रात उभी जहाजं दिसतात. ती कुठून आली, कुठे निघाली हे दाखवणारी साइट आहे असं कळलं. मुलांना दाखवायची आहे. खरंच चालते का? (वाचक, गिरगाव)

चालते, आणि साधा नकाशा फुकट बघता येतो. मरीनट्रॅफिक हे तिचं नाव. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि नकाशा मुंबईवर आणून मोठा करा. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना एआयएस यंत्र बसवणं बंधनकारक आहे. हे यंत्र जहाजाची ओळख, जागा, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओवर सांगत राहतं. जहाज चालत असेल तर दर २ ते १० सेकंदांनी, नांगर टाकलेला असेल तर दर ३ मिनिटांनी. किनाऱ्यावरचे रिसीव्हर हा संदेश पकडतात आणि जहाज नकाशावर उमटतं. हिरवं म्हणजे मालवाहू, लाल म्हणजे टँकर, निळं म्हणजे प्रवासी. बाणासारखी खूण असेल तर जहाज चालतंय, गोल ठिपका असेल तर उभं आहे.

खुणेवर बोट ठेवलं की नाव, झेंडा आणि पुढचं बंदर दिसतं. झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा निघाला तर मुलं विचारणारच. जहाजाची नोंदणी तिथली असते, मालक भलत्याच देशातला असू शकतो. बंदराच्या जागी ‘आयएनएनएसए’ अशी इंग्रजी अक्षरं आली तर ते न्हावा शेवा, ‘आयएनबीओएम’ आली तर मुंबई बंदर. या रकान्यावर मात्र फार विसंबू नका. तो जहाजावरची माणसं हाताने भरतात, त्यामुळे कधी कधी मागच्या फेरीचं बंदर तसंच राहून गेलेलं असतं. जागा आणि वेग यंत्राकडून येतात, ते जास्त भरवशाचे.

नकाशावर आहे पण डोळ्यांना दिसत नाही, असंही होईल. डोळे पाण्यापासून ४ मीटर उंच असतील तर क्षितिज जेमतेम ७ किलोमीटरवर असतं, ३० मीटरवरच्या गच्चीतून सुमारे २० किलोमीटरवर. उलटही घडतं. समोर होडी दिसते, नकाशावर नाही, कारण छोट्या मासेमारी होड्यांवर हे यंत्र बहुतेक वेळा नसतं आणि नौदलाची जहाजं सहसा आपली जागा जाहीर करत नाहीत. मुलांना घेऊन संध्याकाळी जा, दिवे लागले की जहाजं मोजायला सोपी पडतात.

घरच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात बुडालेल्या रस्त्यांचे फोटो येतात. मुंबईचे कोणते, आजचे कोणते, हे कसं ओळखायचं? (वाचक, डोंबिवली)

फोटो सेव्ह करा आणि गूगल लेन्समध्ये उघडा. त्यावर चिकटवलेला मजकूर आणि कडेच्या पट्ट्या आधी कापून टाका, नाहीतर शोध त्या मजकुराच्याच मागे लागतो. मग तोच फोटो टिनआय या फोटो शोधणाऱ्या साइटवर चढवा आणि निकाल ‘ओल्डेस्ट’ या क्रमाने लावा. फोटो पाच वर्षांपूर्वी कुठे छापून आला असेल तर लगेच उघड होतं. तिथली तारीख फोटो काढल्याची नसते, टिनआयला तो पहिल्यांदा सापडला तेव्हाची असते. म्हणजे फोटो त्याहून जुना असू शकतो, नवा नाही. काहीच सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही. फोटो आरशासारखा उलटवला असेल तरी शोध चुकतो, तेव्हा सरळ करून पुन्हा बघा.

व्हिडिओ असेल तर पाटी किंवा गाडीचा नंबर दिसेल तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्या. एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. एका नंबरवरून काही ठरत नाही, पण अख्ख्या रस्त्यावर एकही एमएच नसेल तर तो रस्ता मुंबईचा असणं कठीण. बुडालेल्या रस्त्यावर पोहणारा शार्क तर २०११ मध्ये आयरीन वादळानंतर पोर्तो रिकोच्या नावाने फिरला होता. तो जोडकाम केलेला फोटो गाव बदलून अजून फिरतो.

लिंक पाठवताना तिला दोन ओळींचं शेपूट येतं. कापलं तर चालतं का? (वाचक, मुलुंड)

बहुतेक वेळा चालतं, आणि कापावंच. प्रश्नचिन्हापुढचे यूटीएम, एफबीसीएलआयडी, आयजीएसएच, एसआय हे तुकडे लिंक कुठून पसरली याचा माग ठेवण्यासाठी असतात. यूट्यूबच्या लांब लिंकमधलं ‘व्ही=’ मात्र सोडू नका, व्हिडिओची ओळख तीच आहे. कापलेली लिंक इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडून बघा. पान लॉगिन मागत असेल तर तेही तिथेच कळतं.

तासाभराच्या व्हिडिओतलं कामाचं एक मिनिट १२:३४ ला असेल तर सगळ्यांना तासभर बसवू नका. १२ मिनिटं ३४ सेकंद म्हणजे ७५४ सेकंद. लिंकच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ‘टी=७५४’ जोडा. लिंकमध्ये प्रश्नचिन्ह आधीच असेल तर ‘टी’च्या आधी ‘अँड’चं चिन्ह (&), नसेल तर प्रश्नचिन्ह. लेखातलं एकच वाक्य दाखवायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये ते निवडा, राइट क्लिक करा आणि ‘कॉपी लिंक टू हायलाइट’ घ्या. पुढे कोणी ते वाक्य बदललं तर पान उघडेल, पण रंगवलेलं काही दिसणार नाही.

जपून ठेवलेली पाककृतीची लिंक आता ‘पान सापडत नाही’ म्हणते. गेली का? (वाचक, परळ)

बहुधा नाही. वेब डॉट आर्काइव्ह डॉट ऑर्गवर जुना पत्ता जसाच्या तसा टाका. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती ठेवते आहे. कॅलेंडर येईल, त्यात निळा गोल असलेली तारीख उघडा. हिरवा गोल दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो, नारिंगी आणि लाल म्हणजे त्या दिवशीही पान मिळालं नव्हतं. मजकूर असतो, फोटो कधी कधी गळतात, व्हिडिओ सहसा मिळत नाहीत आणि लॉगिनच्या आतली पानं तर नाहीतच. पुढच्या वेळी आवडलेलं पान तिथल्याच ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका आणि ग्रुपवर मूळ लिंकसोबत ती प्रतही पाठवा.