मुस्लिम नसताना, मराठी माध्यमातून येऊन, कुराण-हदीस-फिक्हच्या अभ्यासात करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की जळगावला बी.ए. झालं, सगळं शिक्षण मराठीत, इस्लामी धर्मग्रंथ आणि कायदा शिकून प्राध्यापक व्हायचंय, आणि मोठा भाऊ म्हणतो, "इंग्रजी पुस्तकं आहेत की, अरबी कशाला? आणि त्यांचं ते बघतील, तुला काय करायचंय?" भावाचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

करिअर होतं. मी तेच करते. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव, कापूस-केळीचं घर, जिल्हा परिषदेची शाळा. आज फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्र, शिकवते. आई म्हणायची, "तुनी ती अरबी पोट भरी का?" भरतं, पण उशिरा. मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर काढली.

आता भावाबद्दल. माझा दादा वकील आहे.

२००६ची गोष्ट. मी अलीगढला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मार्चमध्ये गावी आले होते. आमच्या परसदाराला लागून माझ्या मैत्रिणीचं घर. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तिला सुरतेला दिलेली. ती माहेरी असताना ३ जानेवारीला नवऱ्याने एक तलाक लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवला. एकच, म्हणजे रजई, मागे घेता येणारा. इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायचा काळ, संपायच्या आत नवऱ्याने रुजू केलं, म्हणजे तिला परत घेतलं, तर लग्न शाबूत, इद्दत उलटली की बाई मोकळी. २४ मार्चला त्याचा फोन आला, "मैंने रुजू किया, भेज दो." तिला जायचं नव्हतं. का नव्हतं, ते तिच्या दंडावर दिसत होतं.

रविवारी, २६ तारखेला, आमच्या ओट्यावर बैठक बसली. गावात वकील एकच, म्हणून आमच्या ओट्यावर. मशिदीतले मौलाना साहेब त्या आठवड्यात आपल्या गावी गेलेले. दोन्हीकडची मिळून अकरा माणसं, सगळे पुरुष. चहा मी नेऊन दिला. दादा म्हणाला, "इद्दत तीन महिने. कॅलेंडर आणा."

चाचींनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, त्यांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मागच्या दाराने आणून दिलं. दादाने ३ जानेवारीवर बोट ठेवलं आणि एकेक चौकट मोजत गेला. १५ जानेवारी, १० फेब्रुवारी आणि ८ मार्च, या तीन चौकटींच्या कोपऱ्यात निळ्या पेनाचा बारीक ठिपका होता. दादाचं बोट तिन्हींवरून गेलं. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. ते ठिपके कसले हे मला माहीत होतं, कारण आठवीत असताना ती सवय आम्ही दोघींनी मिळूनच लावून घेतली होती. दादाने नव्वद पुरे केले, ३ एप्रिलवर थांबला आणि म्हणाला, "चोवीस मार्च आतच आहे. रुजू लागू झालं. पाठवून द्या."

त्याच हिवाळ्यात वर्गात मी कुराणातल्या सूरह बकराची, म्हणजे दुसऱ्या अध्यायाची, २२८वी आयत शब्द न् शब्द सोडवून वाचली होती. तिथे महिन्यांचा उल्लेखच नाही. तिथे तीन "कुरू" आहेत. तलाक मिळालेल्या बाईने तीन कुरू थांबायचं. तीन महिन्यांची मुदत येते ती ६५व्या सूरहच्या चौथ्या आयतीत, आणि ती जिला पाळी येत नाही तिच्यासाठी आहे. "कुरू" हा शब्द मोठा अवघड. अरबीत काही शब्दांना दोन उलटे अर्थ असतात, त्यातला हा. याचा अर्थ पाळी असाही होतो आणि दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळ असाही. हनफी आणि शाफई हे फिक्हचे दोन पंथ. हनफी पाळी धरतात. त्यांचं म्हणणं, आयतीत आकडा तीनचा आहे. तलाक शुद्धीच्या काळातच द्यायचा असतो, मग तीच शुद्धी एक म्हणून मोजली तर तीन पुरे भरत नाहीत, दोन आणि वर थोडं होतं. शाफई शुद्धी धरतात. त्यांचा एक पुरावा व्याकरणाचा आहे. आयतीत "तीन"साठी जे रूप आलंय ते अरबीत पुल्लिंगी नामाबरोबर येतं, आणि शुद्धीचा "तुहर" हा शब्द पुल्लिंगी, पाळीचा "हैजा" स्त्रीलिंगी. खानदेशातले बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. म्हणजे एका शब्दावरून शिरपूरच्या बाईची इद्दत आणि रत्नागिरीच्या बाईची इद्दत वेगवेगळ्या दिवशी संपते. मराठी अनुवादात यातलं काय उरणार? अनुवादकाने एक अर्थ निवडला की दुसरा गेलाच.

आता ठिपक्यांवरून मोजा. तिसरी पाळी ८ मार्चला सुरू झाली. शाफई मताने इद्दत तिथेच संपली. हनफी मताने ती पाळी पुरी झाल्यावर संपली, आणि हनफींत पाळीचे जास्तीत जास्त दिवस दहा, म्हणजे कितीही ताणलं तरी १८ मार्च. फोन आला २४ला. कुठल्याही मताने ती मोकळी झालेली होती.

मी दादाला आत बोलावलं. "दादा, आयतीत महिने नाहीत," एवढंच म्हणाले असेन. तो म्हणाला, "तू अरबी शिकी राहिनी, कायदा नही. मझार बोलू नको." आणि बाहेर गेला. मी पुन्हा बोलले नाही. अकरा पुरुषांसमोर त्या ठिपक्यांचं नाव घ्यायची हिंमत मला झाली नाही, आणि ती व्हायला हवी होती. चार दिवसांनी ती सुरतेला गेली. दोन वर्षांनी मेहर सोडून देऊन खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेली फारकत, घेतला आणि परत आली.

मौलाना साहेब गावाहून आल्यावर मी त्यांना विचारलं. ते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "लड़की से किसी ने पूछा? इस बाब में औरत का कौल मोतबर है." त्याच आयतीत पुढे म्हटलंय की त्यांच्या गर्भाशयात जे आहे ते लपवणं त्यांना हलाल नाही. फकीहांनी, म्हणजे फिक्हच्या पंडितांनी, त्यातून काढलं ते असं, की लपवू नको असं जिला सांगितलं, तिच्या सांगण्याला किंमत आहे म्हणूनच सांगितलं. इद्दत संपली की नाही याबाबत, शक्य कोटीतलं असेल तर, बाईचा शब्द धरायचा. आणखी एक. नवऱ्यांना परत घेण्याचा हक्क आहे असं म्हणताना आयत लगेच म्हणते, "त्यांना समेट करायचा असेल तर". बहुतेक फकीह याला नैतिक अट मानतात, कायद्याची नाही, आणि माझ्या मते तिथे ते चुकले. पण निदान वाक्य समोर असतं तर ओट्यावर कुणीतरी विचारलं असतं की बाबा, तुला समेट करायचाय का?

म्हणून तुमच्या भावाला सांगा, अरबी लागते. इंग्रजी पुस्तकांचं काय झालं तेही सांगा. इंग्रजी अमदानीत आपल्या कोर्टांनी ज्या "हिदाया" या हनफी कायद्याच्या ग्रंथावर मुस्लिम कायद्याचे निकाल दिले, तो हॅमिल्टनचा १७९१चा इंग्रजी अनुवाद मूळ अरबीवरून केलेला नाही, फारसी भाषांतरावरून केलेला आहे. अनुवादाचा अनुवाद. आणि १८९७ला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च कोर्टाने, एका विधवेच्या पोटगीच्या खटल्यात सांगून टाकलं की जुन्या टीकाग्रंथांच्या विरोधात जाऊन न्यायाधीशांनी कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये. म्हणजे मूळ आयत बाजूला.

"त्यांचं ते बघतील" याचं उत्तर खानदेशातच आहे. १९३२ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याच विनोबांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचलं आणि त्यातल्या निवडक वचनांचं "कुराणसार" केलं, हे किती जणांना माहीत असतं? वकील ज्या पुस्तकावरून मुस्लिम कायदा शिकतात ते लिहिणारे दिनशा मुल्ला पारशी होते. तोशिहिको इझुत्सु नावाच्या जपानी माणसाने कुराणातल्या नीतीच्या शब्दांचा जो अभ्यास केला, तो मुस्लिम अभ्यासकही मान देऊन वाचतात.

आणि हा विषय परका कसा? भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलं की बुऱ्हाणपूर लागतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकींच्या खानदेशाची राजधानी तीच. अली मुत्तकी तिथे जन्मले. मक्केला जाऊन त्यांनी "कंजुल उम्माल" हा हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचा, प्रचंड संग्रह विषयवार लावला, १५६७ला तिथेच वारले, आणि आजही अरब जगात ते पुस्तक वापरलं जातं. "फतावा आलमगिरी" या औरंगजेबाने करवून घेतलेल्या फिक्हच्या ग्रंथासाठी उलेमांचं जे मंडळ बसवलं, त्याचे प्रमुख शेख निजाम, तेही बुऱ्हाणपूरचेच. तिथल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे. तो बघायला जाच. मी दर वर्षी विद्यार्थ्यांना नेते.

नोकरीचं थोडक्यात सांगते. इस्लामिक स्टडीजचे विभाग अलीगढ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, काश्मीर विद्यापीठ इथे आहेत. म्हणजे घर सोडावं लागणार. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, "अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज" हा वेगळा विषय आहे, अरबी भाषेचा पेपर वेगळा. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७००, पण कायम जागा फार थोड्या निघतात. दुसरी वाट कायद्याची. एलएल.बी. करून कौटुंबिक कायद्यात या, फिक्हची जोड असलेली माणसं तिथे फार कमी आहेत आणि लागतात फार.

वर्गात तुमच्या शेजारी अक्कलकुव्यासारख्या मदरशांत आठ-आठ वर्षं काढून आलेली मुलं बसतील. जेर-जबर, म्हणजे स्वरचिन्हं, नसलेलं पान ती वर्तमानपत्रासारखं वाचतील, तुम्हाला एक ओळ लावायला अर्धा तास लागेल. लाज वाटू देऊ नका, त्यांनाच विचारा. मला इराब, म्हणजे शब्दाच्या शेवटचे बदलते स्वर, शिकवला तो अशाच एका मुलाने, मेसच्या टेबलावर, आणि बदल्यात मी त्याला इंग्रजी निबंध लिहायला शिकवले. उर्दू आधी सहा महिन्यांत करून घ्या, मराठी माणसाला जड जात नाही. मग अरबी, रोज दोन तास, तीन वर्षं. नुसत्या अनुवादाच्या आधारावर पीएच.डी. करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात जाऊ नका. आणि कुणाला तरी वादात हरवायला हा विषय घेत असाल, मग ते कुठल्याही बाजूने असो, तर घेऊच नका. तुमचीही वर्षं जातील आणि जागाही अडेल.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर तुमचा भाऊ मला पकडेल. इद्दतीचं ते कोडं सोडवायला अरबी लागतच नव्हती. १९८६चा मुस्लिम महिला कायदा दादाच्या कपाटात होता. त्याच्या कलम २(ख)मध्ये इद्दतीची व्याख्या सरळ दिली आहे. पाळी येत असेल तर तीन पाळ्या, येत नसेल तर तीन चांद्र महिने, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत किंवा गर्भ जाईपर्यंत. दादाने कायदा शिकताना ते वाचलं असणारच. पण ओट्यावर त्याच्या तोंडी आलं ते कुठल्यातरी सारांशातलं "तीन महिने". मला खरं काय ते आठवलं, कारण मी त्या एका शब्दावर आठवडाभर कोश उघडून बसले होते. मूळ वाचण्याचा एवढाच फायदा आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

मैत्रिणीचा खुला झाला त्या आठवड्यात मी ते पुस्तक दादाच्या कपाटातून काढलं आणि कलम २ उघडून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं, मिटलं, परत कपाटात लावलं. राखीला मी दर वर्षी जाते, तो साडी घेऊन ठेवतो, आमचं बोलणं-चालणं सगळं नीट आहे. त्या कॅलेंडरवर ठिपके कसले होते, हे त्याने अजून विचारलेलं नाही.