इंटरव्ह्यूला इंग्रजी अडलं तर ॲडमिशन जाईल का?

ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न येतोच. मॅडम, पोरगी हुशार आहे हो, पण फाडफाड इंग्रजी येत नाही, तिकडचे इंटरव्ह्यू घेतात म्हणे, मग सगळी मेहनत पाण्यात जाणार का? मी नाशिकला गंगापूर रोडवर परदेशी शिक्षणाचं समुपदेशन करते आणि हा प्रश्न आला की मला निफाडकडची एक मुलगी आठवते, नाव नाही देत तिचं.

घरी द्राक्षबाग, दहावीपर्यंत मराठी मीडियम. तिला ऑक्सफर्डला फिजिक्ससाठी अर्ज करायचा होता. त्याची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे नेमकी यांची ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा, वडील छाटणीची मजुरी चुकती करून तसेच थेट ऑफिसात यायचे. लेखी परीक्षा झाली, तिचं शॉर्टलिस्टिंग झालं, डिसेंबरात ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला आणि तिथून घरात सगळ्यांची झोप उडाली.

माझ्याकडे आली तेव्हा हातात वही होती, एका क्लासने दिलेली चाळीस उत्तरं तिने पाठ केलेली. "सिन्स चाइल्डहूड आय ॲम पॅशनेट अबाउट फिजिक्स" पासून सुरुवात, पुढे फी कोण भरणार, शिकून परत येणार का, हीच युनिव्हर्सिटी का. मी वही बघितली आणि खरं सांगते, जीव तुटला माझा, कारण यातली निम्मी उत्तरं व्हिसाच्या इंटरव्ह्यूची होती. ही गफलत फार घरांत होते. व्हिसाचा इंटरव्ह्यू वेगळा, तिथे अधिकारी बघतो की तू खरंच शिकायला चाललीयेस का, खर्चाची सोय आहे का. युकेच्या काही युनिव्हर्सिट्या ऑफर दिल्यावर, व्हिसाचं पत्र देण्याआधी अशीच विचारपूस करतात, तीही वेगळी. ऑक्सफर्ड-केंब्रिजला मात्र ज्यांच्या हाताखाली शिकायचं ते प्राध्यापकच समोर बसतात, न बघितलेला प्रश्न देतात आणि तू विचार कसा करतेस ते बघतात. तिथे पाठांतर कामाचं नाही.

मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, थंडी वाढली की तुझे पप्पा पहाटे बागेत पाणी का सोडतात? ती गप्प. मग हळूच, मॅडम मराठीत सांगू? म्हटलं सांग ना. आणि मग जी सुटली! विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा गरम असतं, ओली माती दिवसा जास्त उष्णता धरून ठेवते, शेकोट्या पेटवतात त्याचा धूर गोधडीसारखा वर राहतो. मी म्हटलं, बरं, वारा सुटला तर? ती थांबली, छताकडे बघत बसली, मग म्हणाली धूर तर उडून जाईल, पण मॅडम वारा असला की दव गोठत नाही असं पप्पा म्हणतात, म्हणजे वरची हवा जास्त गरम असणार, वारा ती खाली मिसळत असणार, म्हणजे धुराचं मी मघाशी म्हटलं ते अर्धवट होतं. स्वतःचं उत्तर स्वतःच तपासून मोडलं तिने! इंटरव्ह्यू घेणाऱ्याला हेच बघायचं असतं हो, अडल्यावर मूल काय करतं, हिंट दिली तर ती उचलतं का.

मग तीन आठवडे आम्ही उत्तरं तयार केलीच नाहीत. रोज एक नवा प्रश्न आणि मोठ्याने विचार करायचा, आधी मराठीत, मग तेच साध्या इंग्रजीत, छोटी छोटी वाक्यं. प्रश्न नाही कळला तर परत विचारायचा, वेळ हवा असेल तर सरळ सांगायचं. उच्चार कसे आहेत याला तिथे मार्क नसतात, पण गणित करताना तोंड बंद राहिलं तर समोरच्याला कळणार कसं तुझ्या डोक्यात काय चाललंय?

अमेरिकेचं थोडं वेगळं आहे. एमआयटीसारख्या ठिकाणी माजी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून गप्पा मारतात, आणि इंटरव्ह्यूला माणूस मिळाला नाही तर ते अर्जाच्या विरुद्ध धरत नाहीत. त्यामुळे बोलावणं आलं नाही म्हणून रडत बसू नका. युकेतही बऱ्याच कोर्सना इंटरव्ह्यू नसतोच, मेडिकलला मात्र असतो.

इंटरव्ह्यूच्या दिवशी ती नाशिकला मावशीकडे येऊन बसली, गावात लाइटचा भरवसा नाही म्हणून. तिकडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

जानेवारीत निकाल आला. नाही मिळालं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढे युकेतल्याच दुसऱ्या युनिव्हर्सिटीची ऑफर आली, त्यांनी इंटरव्ह्यू घेतलाच नव्हता, तिथे ती गेली. जायच्या आधी पेढे घेऊन दोघं आले तेव्हा वडिलांनी विचारलंच, मॅडम, इंग्रजीमुळेच गेलं ना ते? मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, नाही पप्पा, शेवटच्या ग्राफला अडले मी, आणि माझ्या टेबलावरचा कागद ओढून तो ग्राफ आता कसा काढायचा ते त्यांना समजावायला लागली, मराठीत.