दिवा मागच्या सेन्सरचा, बदलला पुढचा

प्रश्न : मी अंबाजोगाईला राहते, एका खासगी शाळेत शिकवते. आमची २०१९ ची पेट्रोल गाडी मिस्टरांच्या नावावर आहे. ते नोकरीनिमित्त पुण्याला असतात. इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून मी गाडी लातूरच्या एका गॅरेजला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणाले आणि बॉनेट उघडल्यावर समोर दिसतो तिथला सेन्सर बदलून ६,५०० रुपये रोख घेतले. पक्कं बिल दिलं नाही, चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. थोड्याच दिवसांत दिवा परत लागला. त्यांनी बसवलेला सेन्सर खराब निघाला. पुन्हा नेली तर मला न विचारता गाडी वर उचलून खालचा दुसरा सेन्सर बदलला आणि आता ९,२०० मागतात. आता दिवा लागत नाही, पण कॅटकॉनही (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेलाय, तो आतून पोकळ करून स्वस्तात काम भागवू, असं म्हणतात. मी नाही म्हटल्यावर गाडी अडवली. रोजचे २०० रुपये पार्किंग लागेल, असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. पहिल्या सेन्सरचे पैसे परत मागितले तर ‘इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नसते’ हे उत्तर. दोन्ही वेळच्या स्कॅनरच्या स्क्रीनचे फोटो माझ्याकडे आहेत. पोलिसांत जाऊ का? गाडी माझ्या नावावर नाही, मग तक्रार मला करता येईल का?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. दोन्हींवर एकच कोड आहे, पी०१४१. तुमची सगळी केस या एका कोडवर उभी राहते, म्हणून आधी तो समजून घ्या.

तुमच्यासारख्या पेट्रोल गाडीत सहसा दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. एक पुढचा, इंजिनाजवळ, कॅटकॉनच्या अलीकडे. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो मोजतो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. दुसरा मागचा, कॅटकॉनच्या पलीकडे, खाली. कॅटकॉन धूर नीट साफ करतो का, यावर त्याची नजर असते. सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या आत एक छोटा हीटर बसवलेला असतो. पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड असला तर कोड येतो पी०१३५. मागच्याचा असला तर पी०१४१. तुमच्या गाडीने पहिल्याच दिवशी मागच्या सेन्सरकडे बोट दाखवलं होतं आणि गॅरेजवाल्यांनी पुढचा काढून नवा बसवला. दिवा परत लागणारच होता.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी बसवलेला सेन्सर खराब निघाला.’ कृपा करून हे वाक्य नोटिशीत किंवा तक्रारीत कुठेही येऊ देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतला दोष ही एक गोष्ट आहे आणि सेवेतली त्रुटी ही वेगळी. सेन्सर सदोष होता असं तुम्ही म्हणालात की तो सदोष असल्याचं दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. मग तो काढा, प्रयोगशाळेत पाठवा, तिथली फी भरा, अहवालाची वाट पाहा. आणि अहवाल बहुधा येईल की सेन्सर उत्तम आहे! कारण तो चांगलाच असणार. चूक सेन्सरची नाहीच. समोर कोड दिसत असताना भलताच भाग बदलला आणि त्याचे पैसे घेतले, ही सेवेतली त्रुटी आहे. ती सिद्ध करायला तुमचे दोन फोटो आणि एका जाणत्या मेकॅनिकचं शपथपत्र पुरेसं ठरावं. ‘इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नसते’ हे पालुपदही इथे गैरलागू होतं. तुम्ही गॅरंटी मागतच नाही, चुकीच्या कामाचे पैसे परत मागताय.

समोरून उत्तर येईल की पुढचा सेन्सरही गेलेलाच होता. येऊ द्या. मग त्याचा कोड कुठे आहे, आणि काढलेला जुना सेन्सर कुठे आहे, हे दोनच प्रश्न विचारा. जुना भाग ग्राहकाला परत द्यायचा की नाही यावर गॅरेजांत नेहमी टाळाटाळ चालते, पण तो भाग तुमच्या गाडीचा, तुमच्या मालकीचा आहे. दोन्ही जुने सेन्सर लेखी मागा. मिळाले तर पुरावा हातात आला. फेकून दिले म्हणाले तर तेही लेखी घ्या, ग्राहक आयोगापुढे त्याचा फायदा तुम्हालाच होईल.

दुसऱ्या सेन्सरबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने सरसकट बोलणार नाही. तो बदलल्यावर दिवा लागायचा थांबला, म्हणजे त्या कामाचा तुम्हाला उपयोग झालाय. परवानगी न घेता केलेलं काम म्हणून तुम्ही हरकत घेऊ शकता आणि ती रास्त आहे. पण भारतीय करार कायद्याचं कलम ७० असं सांगतं की, एखाद्याने फुकट करण्याच्या इराद्याने न केलेल्या कायदेशीर कामाचा लाभ आपण घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. हीटरचा कोड कधी नुसत्या उडालेल्या फ्यूजने किंवा तुटलेल्या वायरनेही येतो, तेव्हा सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटर लावला होता का, हे अवश्य विचारा. तरीही माझा सल्ला हाच की दुसऱ्या सेन्सरची वाजवी किंमत आणि मजुरी द्यायची तयारी ठेवा आणि पहिल्याचे ६,५०० वसूल करा. दोन्ही फुकट मागितलेत तर तुमची खरी बाजूही कमकुवत दिसेल.

गाडी अडवून ठेवण्याचा मुद्दा. दुरुस्तीला दिलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १७० कारागिराला देतं. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण ठरलेलं काम केलं असेल तर हा हक्क खरा आहे. तुम्ही गाडी परत नेली ती पहिल्याच दुरुस्तीची तक्रार घेऊन, नवीन काम सांगितलंच नव्हतं, असा युक्तिवाद आपण करू शकतो आणि तो मला पटतोही. फक्त त्याचा निकाल लागेपर्यंत गाडी गॅरेजच्या आवारात धूळ खात पडेल. रोजच्या पार्किंगचं मात्र वेगळं आहे. कलम १७० वस्तू राखून ठेवू देतं, त्या राखण्याचं भाडं लावायला सांगत नाही. तसं काही आधी ठरलेलं नसेल तर ती मागणी साफ नाकारा.

म्हणून ९,२०० रुपये भरा, रोख अजिबात नको, बँकेतून किंवा यूपीआयने. भरण्याआधी व्हॉट्सॲपवर हा मजकूर पाठवा : ‘माझ्या परवानगीशिवाय केलेल्या कामाचे ९,२०० रुपये मी केवळ गाडी ताब्यात मिळावी म्हणून, हरकत नोंदवून आणि माझे सर्व हक्क राखून भरत आहे. पार्किंगची मागणी मला मान्य नाही. दोन्ही वेळच्या कामाचं तपशीलवार बिल आणि काढलेले दोन्ही जुने सेन्सर द्यावेत.’ एवढं लिहून भरलेले पैसे म्हणजे तुमची कबुली ठरत नाही. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तेव्हा बिल मागताना संकोच करू नका. गाडी घेताना चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो तिथेच काढा.

तिथून गाडी थेट दुसऱ्या चांगल्या गॅरेजला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या आणि स्कॅन करून तारखेसह छापील अहवाल घ्या. कॅटकॉन खरंच गेला असेल तर सहसा पी०४२० हा कोड दिसतो. तुमच्या दोन्ही फोटोंत तो नाही. आणि मागच्या सेन्सरचा बिघाड असेपर्यंत कॅटकॉनची तपासणी गाडीचा कॉम्प्युटर सहसा घेतच नाही, कारण ती तपासणी त्याच सेन्सरच्या भरवशावर चालते. नवा सेन्सर बसवून गाडी रस्त्यावर नीट चालवायच्या आतच कॅटकॉन गेल्याचा निकाल कोणत्या आधारावर दिला, हे मला कळत नाही.

तो पोकळ करण्याचा प्रस्ताव तुम्ही नाकारलात, फार बरं केलंत. कॅटकॉनच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. जुन्या जाळीलाही भंगारात चांगला भाव येतो आणि ते पैसे गाडीवाल्याला मिळत नाहीत. कायद्याचं म्हणाल तर गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, कलम १८२अ खाली मालकावर कारवाई होऊ शकते, आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० आहेच. मालक म्हणून नाव तुमच्या मिस्टरांचं आहे. पोकळ करून देणारा तेव्हा पुढे येणार नाही. पुढे कधी कॅटकॉन खरंच बदलावा लागला तर जुना आठवणीने मागून घ्या.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. पैशांच्या वादात ठाण्यावर ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असं सांगून परत पाठवतील आणि तुमचा दिवस वाया जाईल. पैसे भरूनही गाडी दिली नाही, किंवा ताब्यात असताना ती बाहेर फिरवली, तिचे भाग काढले असं दिसलं, तर गोष्ट बदलते. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे, म्हणजे विश्वासघाताची, लेखी तक्रार द्यायची.

तक्रार तुमच्या नावाने चालेल. ग्राहक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला माणूस, अशी अट कायद्यात नाही. सेवा तुम्ही घेतली, पैसे तुम्ही मोजले, तुम्ही ग्राहक. तरी मिस्टरांना दुसरे तक्रारदार म्हणून जोडा, म्हणजे त्या मुद्द्यावर वेळ जाणार नाही.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. फुकट आहे, आणि बरेचदा दुकानदार तिथूनच वळणावर येतो. त्याचबरोबर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. नोटीस वकिलाकडूनच जावी असं काही नाही. साध्या मराठीत तारखा, दोन्ही फोटोंतला कोड, कोणता सेन्सर बदलला आणि किती पैसे दिले एवढं लिहिलं तरी पुरे. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका, मेकॅनिकची माणसं बदलतात, फोन बदलतात, चॅट उडून जातात.

कुठे दाखल करायची हे तुम्ही ठरवायचं. गॅरेज लातूरला म्हणून लातूर चालतं, आणि कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तो जिल्हा म्हणून बीडही चालतं. कायद्याने ही सोय ग्राहकाला धावपळ पडू नये म्हणून दिली, पण अंबाजोगाईकरांना स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा लातूर जवळ पडतं. शाळेची रजा काढून तारखेला जायचं आहे, तेव्हा मी लातूरच सुचवेन.

मागणी माफक ठेवा. पहिल्या कामाचे ६,५०० व्याजासह, भरायला लावलं असेल तर पार्किंग, गाडी नसल्याने झालेल्या प्रवासखर्चाच्या पावत्या असतील तेवढी रक्कम, मानसिक त्रासाबद्दल थोडी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे लाखभर लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, त्याने काही साधत नाही. समोरच्याला म्हणणं मांडायला तीस दिवस आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी पंधरा मिळतात. त्यापुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यायला सांगतो, तुम्ही मनात जास्त धरून चला. आयोगाने मध्यस्थी सुचवली आणि गॅरेजवाला ६,५०० परत द्यायला तयार झाला, तर घेऊन मोकळ्या व्हा.

फोटो आणि चॅट मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन विकू नका. त्यांच्या छापील प्रती लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, लातूर कोर्टाच्या आवारात कोणीही टायपिस्ट नमुना काढून देईल. आणि गाडी आणायला जाण्याआधी मिस्टरांच्या सहीचं, ‘गाडीबाबत सर्व व्यवहार करण्यास माझ्या पत्नीस अधिकार दिला आहे’ असं पत्र त्यांच्या आधार कार्डाच्या प्रतीसह मागवून घ्या, नाहीतर पैसे भरल्यावर मालकालाच पाठवा म्हणून अडवतील.