आहार बदलला तर आईच्या सांध्यांचं जुनं दुखणं आणि सूज कमी होईल का?

कमी होऊ शकते, पण औषधाच्या जोडीनं, औषधाच्या जागी नाही. मला स्वतःला आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, राहणं वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात, घरचं वावर आहे. त्यामुळे गावात काय मिळतं आणि काय नाही, ते धरूनच लिहिते.

तुम्ही लिहिलंय की आई ५२ वर्षांच्या आहेत, बोटं आणि गुडघे दुखतात, सकाळी हात आखडलेले असतात, गाव केळापूर तालुक्यात. आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्यांनी गहू, दूध, डाळी, वांगी, भेदरं (टोमॅटो) सगळं एकाच दिवशी सोडलं. ते आधी परत सुरू करा. एवढं सगळं काढल्यावर ताटात उरतं काय? भात आणि तर्री. त्यानं अशक्तपणा येईल, सांधे सुटणार नाहीत.

ताटाला हात लावण्याआधी दुखणं कोणतं ते कळू द्या. सकाळचं आखडणं किती वेळ राहतं ते बघा. गुडघा झिजलेला असेल तर चार पावलं चाललं की मोकळं वाटतं. आमवातात तास-तासभर मूठ वळत नाही, बोटांची पेरं सुजतात, हात लावला तर गरम लागतात. तसं असेल तर ईएसआर, सीआरपी (या दोन्हीत अंगातली सूज कळते), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या आमवातासाठी) आणि सोबत युरिक अॅसिड, एवढ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आमवातात उपचार लांबले की बोटं वाकडी होतात, आणि मग कोणत्याच जेवणानं सरळ होत नाहीत. मागं चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

तुमचा तालुका वाचून आणखी एक शंका आली. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की कंबर, मान, गुडघे आखडत जातात. गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात का बघा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून त्याचं प्रमाण वाढतं. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासायला पाठवा. घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर आईचीही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या, कारण त्यातलं हाडादुखीचं प्रकरण वेगळंच असतं.

आता खाण्याचं. बाहेरून मागवायच्या महागड्या बिया आणि तेलं विसरा, आपल्याकडे जवस आहे. त्यात ओमेगा-३ नावाची चांगली चरबी भरपूर असते. माशातल्यासारखी ती थेट कामी येत नाही, शरीर त्यातली थोडीच बदलून घेतं; म्हणून चमत्काराची आशा धरू नका, पण रोज दोन चमचे पोटात जाऊ द्या. अख्खं जवस चावलं जात नाही, तसंच बाहेर पडतं. लोखंडी तव्यावर कोरडं, मंद आचेवर भाजा. दाणे तडतडून उडायला लागले की लगेच उतरवा, काळे पडले की कडवट लागतात. मग सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. आठ दिवसांपुरतीच करा, कुटलेलं जवस लवकर खवट होतं. ज्वारीची भाकर, ही चटणी, वाटीभर वरण आणि अंबाडी-मेथी-चवळी यांपैकी मिळेल ती पालेभाजी, हेच माझं रोजचं जेवण. चटणीवर सोडायची तेलाची धार मात्र मी बंद केली, आणि ती अजून आठवते!

तेल हाच आपला खरा घोळ आहे. दिवसाला माणशी चार-पाच लहान चमचे पुरे, आपण तेवढं एका भाजीच्या फोडणीत ओततो. सावजी रस्सा सणावाराला खा, दर रविवारी नको. चहातली साखर कमी करा आणि खेपाही. वजन जास्त असेल तर सगळ्यात मोठा फायदा इथूनच मिळतो: १ किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो.

हळद म्हणाल तर आमच्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तरी मी हळदीला औषध म्हणणार नाही. तिच्यातला कर्क्युमिन हा मुख्य घटक अंगात फार कमी शोषला जातो. तेलातल्या फोडणीत चिमूटभर मिरे पडले तर थोडा जास्त. भाजीत हळद घाला, पण कर्क्युमिनची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यानं काहींच्या यकृताला त्रास झाला आहे, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका वाढतो.

"आंबट खाऊ नोको, सांधे धरतात" हे आमच्या सासूबाई रोज म्हणतात. सरसकट असं काही नसतं. तरी शंका असेल तर एकच पदार्थ, समजा दही, तीन आठवडे बंद ठेवा, दुखणं वहीत लिहा, मग परत सुरू करून बघा. फरक दिसला तरच सोडा. माझ्या बाबतीत दह्यानं काही झालं नाही, भेदऱ्यानंही नाही.

युरिक अॅसिड वाढलेलं निघालं आणि गाऊटचं (सांध्यात युरिक अॅसिडचे खडे साठून होणाऱ्या दुखण्याचं) निदान झालं तर हिशेब थोडा बदलेल. तेव्हा कलेजी-वजडी आणि दारू बंद. डाळ मात्र तेव्हाही सोडायची गरज नसते.

आमवातासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट ही गोळी दिली तर ती बहुतेक आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरं वाटलं म्हणून परस्पर बंदही करू नका. आणि आठवडी बाजारातल्या "वाताच्या पुड्या" घेऊ नका. दोन दिवसांत आराम पडतो, कारण कित्येकदा त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आई आधीपासून घेत असतील तर एकदम थांबवू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.