‘एक जिंकतो आणि झोपतो’

“मॅडम, तो गेम खेळतो याचं काही नाही हो. पण रँक पडली की घरात कुणाशी धड बोलत नाही.”

हे वाक्य मी इतक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय, की पुढचं मला न सांगताही कळतं. आपटलेलं दार, रात्रीचे तीन, आणि ‘फक्त एक जिंकतो आणि झोपतो’. मुलांचं म्हणणंही ठरलेलं असतं: गेमची सिस्टीम मला मुद्दाम खाली ठेवते, टीममेट बेकार देते. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत, आणि समुपदेशनाच्या बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथे आणलंय.

निखिल सतरा वर्षांचा. पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा गेम खेळायचा. दोन महिने प्लॅटिनम या रँकवर होता, मग एका रात्रीत सलग हरत एक पायरी खाली, गोल्डवर आला. त्या रात्रीनंतर त्याचं झोपेचं वेळापत्रक कोलमडलं. आई त्याला घेऊन आली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “हे व्यसन आहे का?”

प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ घेतलाय, जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण लागू आहे. पण त्यात खेळाचे तास मोजत नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर चढणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे सर्वसाधारणपणे १२ महिने टिकणं, असं ते चित्र आहे. शिवाय त्यामुळे अभ्यास, घर, नाती यांत ठळक बिघाड दिसावा लागतो. निखिल शाळेत जात होता, मित्र होते, त्रास दीड महिन्याचा होता. “मला हे व्यसन वाटत नाही,” मी आईला म्हटलं, “पण त्याचं काहीतरी दुखतंय हे खरं.”

पहिल्या भेटीत मी एक चूक केली, ती सांगते, कारण ती बहुतेक घरांत होते. मी ‘रोज एक तास’ असं ठरवून दिलं. निखिलने मान डोलावली, आणि चौथ्या दिवशी घरात मोठं भांडण झालं. तास संपला तेव्हा मॅच अर्धी झाली होती. या गेमची एक मॅच तीस-चाळीस मिनिटांची, मधेच सोडली तर उरलेले चौघं अडकतात, सोडणाऱ्याचे गुण कापले जातात, वर काही काळ खेळायला बंदी. आईने वायफाय बंद केलं आणि तो ओरडला, “तुला काही कळत नाही!” या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं. पुढच्या भेटीत मी त्याला म्हटलं, “मलाही कळत नाही. रँक कशी ठरते, मला शिकव.”

तो बदलला. पाठ ताठ झाली. कागद ओढून शिडी काढली: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्रत्येक पायरी शंभर गुणांची. दिसणाऱ्या रँकमागे एक लपलेला आकडा असतो, त्याला ही मुलं एमएमआर (मॅचमेकिंग रेटिंग) म्हणतात. सिस्टीम जोड्या लावते त्या या आकड्यावरून. आईने मधेच विचारलं, “पण तुझी लेव्हल तर किती वर आहे!” तो वैतागला, “आई, लेव्हल नुसती खेळत राहिलं तरी वाढते. रँक हरलं की पडते.” हा फरक पालकांनी जरूर समजून घ्यावा. लेव्हल, बॅटल पास (खेळत राहिलं की टप्प्याटप्प्याने बक्षिसं देणारी योजना) यांत मुख्यतः घातलेला वेळ मोजला जातो, ते एकाच दिशेने चढतं. रँक हा अंदाज आहे, तो दोन्हीकडे हलतो. आणि सीझन, म्हणजे गेमचा ठरावीक काळाचा हंगाम, बदलला की तो थोडा खाली आणून पुन्हा चढायला लावतात. मुलांनी परत परत यावं म्हणूनही ती रचना असते, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

या शिडीचं मूळ बुद्धिबळात आहे. आर्पाड एलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, स्वतः चांगले बुद्धिबळपटू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये घेतली, जागतिक संघटनेने १९७० मध्ये. ही पद्धत सामन्याआधीच सांगते की कुणाकडून किती अपेक्षा आहे. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याला साधारण ७६ टक्के गुण मिळतील असं ती धरते. अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलात तर आकडा वर, कमी पडलात तर खाली. एलोंनी स्वतःच म्हणून ठेवलंय की खेळाडूचं रेटिंग मोजणं म्हणजे खवळलेल्या पाण्यावर हिंदकळणारं बूच, वाऱ्यात हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखं आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा निखिल हसला नाही. “म्हणजे ते कधीच स्थिर नसतं?” एवढंच विचारलं.

मी विचारलं, “सिस्टीमचा अंदाज अगदी बरोबर असेल, समोर तुझ्याइतकेच खेळाडू दिले असतील, तर तू किती जिंकशील?”

“अर्ध्या,” तो लगेच म्हणाला. “फिफ्टी-फिफ्टी.”

मुलांना हे गणित येतं. येऊनही रात्री तीनला ते कामाला येत नाही. म्हणून मी त्याच्या हातात एक नाणं दिलं. त्याने शंभर वेळा उडवलं, मी वहीत खुणा केल्या. छापा आला की टिंब, काटा आला की फुली. पुढच्या आठवड्यात त्याने मोबाइलमधल्या मागच्या शंभर रँक्ड मॅचचे निकाल वाचून दाखवले, तेही मी दुसऱ्या पानावर तसेच लिहिले. जिंकली तर टिंब, हरली तर फुली. मग दोन्ही पानं शेजारी ठेवली, वरची शीर्षकं तळहाताने झाकली आणि विचारलं, “यातलं तुझं कोणतं?”

त्याने फार वेळ घेतला नाही. डावीकडच्या पानावर सात फुल्या सलग होत्या. त्यावर बोट ठेवून म्हणाला, “हे. ही त्या रात्रीची.” आवाज खाली गेला होता.

मी हात उचलला. ते नाण्याचं पान होतं.

तो बराच वेळ दोन्ही पानं बघत राहिला. त्याच्या खऱ्या मॅचमध्ये सलग फुल्या सहाच होत्या. फुल्या मोजल्या, परत मोजल्या. मग म्हणाला, “नाण्याला टीममेट नसतात.”

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत शिकलेली गोष्ट म्हणजे अशा वेळी गप्प बसायचं. नाणं शंभरदा उडवलं तर कुठेतरी सलग पाच काटे येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते, हे मी नंतर सांगितलं. त्या क्षणी आकड्याची गरज नव्हती.

थोड्या वेळाने तो खाली बघूनच म्हणाला, “मग मी खरा गोल्ड आहे की प्लॅटिनम?”

माझ्या मते सगळा त्रास या प्रश्नात होता. हरण्याने तो इतका खचत नव्हता. ‘मी कोण’ याचं उत्तर त्याने त्या बिल्ल्यावर सोपवलं होतं. त्या वयात असं उत्तर इतक्या चटकन, इतक्या नेमकेपणाने दुसरं कुणीच देत नाही. दर मॅचनंतर पडद्यावर आकडा येतो: तू इतका. एक फुली पडली की आपणच खोडले गेलो असं वाटतं, आणि खोडलेलं परत लिहिल्याशिवाय झोप कशी येणार? ‘एक जिंकतो आणि झोपतो’ याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, आणि ते लपवत नाही. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हे त्यांचं म्हणणं मला दर वेळी नव्याने पटतं. मी निखिलला म्हटलं, “तू दोन्ही नाहीस. तुझा नेम, तुझी घाई, तुझं टीमशी बोलणं हे आज गोल्ड-प्लॅटिनमच्या सीमेवर आहे. ते सुधारेल किंवा बिघडेल. पण निखिलला मोजणारी पट्टी कुणाकडेच नाही.”

“पण मला प्लॅटिनम हवंच आहे.”

“हवं असू दे. ‘हवं’ आणि ‘मिळालंच पाहिजे’ यांतल्या अंतरात तुझी झोप अडकलीय.”

इथे एक सावधगिरी. नाण्याचा अर्थ ‘सगळं नशीब’ असा काढू नये. कौशल्य खरंच वाढलं तर शिडी वर नेते, फक्त त्याला बऱ्याच मॅच लागतात आणि वर गेलं की प्रतिस्पर्धीही तगडे मिळतात, त्यामुळे जिंकण्याचं प्रमाण पुन्हा अर्ध्यावर येतं. ‘मी अडकलोय’ असं वाटण्याचं दुसरं कारण म्हणजे सिस्टीमची खात्री. एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्टने केलेल्या ट्रूस्किलसारख्या पद्धती अंदाजाबरोबर त्या अंदाजाची खात्रीही जपतात. नव्या खेळाडूबद्दल खात्री कमी, म्हणून त्याचा आकडा उड्या मारतो; जुन्याबद्दल जास्त, म्हणून त्याचा मुंगीच्या पावलाने सरकतो. मुलाला वाटतं आपल्याला दाबलं जातंय. आणि एक गोष्ट नाण्यात नसते: नाणं चिडत नाही. मुलं ‘टिल्ट’ म्हणतात त्या अवस्थेत, रागाने टाकलेली पुढची मॅच समसमान राहत नाही.

म्हणून आम्ही तासाचा नियम मोडून मॅचचा केला. शाळेच्या दिवशी दोन, सुट्टीला चार, आणि हा आकडा पहिली मॅच सुरू करण्याआधी ठरलेला. जिंकलो म्हणून एक जास्त नाही, हरलो म्हणून तर नाहीच. शेवटची मॅच झोपेच्या तासभर आधी संपलेली. सलग दोन हरल्यावर उठून पाणी प्यायचं. पालकांना मी एवढंच सांगते की ‘जिंकलास का?’ हा प्रश्न काही दिवस विचारू नका. ‘आज कशी झाली?’ असं विचारा आणि समजलं नाही तर तसं सांगा.

आईला हे पटलं, पण जाता जाता तिने विचारलंच, “मॅडम, दोन्ही हरला तर?”

निखिलनेच उत्तर दिलं. “तर दोन झाल्या, आई.”

त्या रात्री तो दोन्ही हरला, असं तिने फोनवर कळवलं. साडेअकराला दिवा बंद होता. झोप लागायला वेळ लागला असावा, कूस बदलण्याचा आवाज येत होता म्हणाली.