आईच्या गुडघ्यातलं ‘सिमेंट’ हाडाला चिकटतं कसं?

जळगावला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून कृत्रिम सांधा बसवताना, तो हाडाला पक्का करायला ‘सिमेंट’ भरलं म्हणून घाबरू नका. ते घरबांधणीचं नव्हे, ॲक्रिलिकच्या जातीचं पॉलिमर, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक आहे. भुकटी आणि द्रव ऐनवेळी कालवतात. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता हाताला चिकटायचं थांबतं ना, तसं हे हातमोज्याला चिकटेनासं झालं की सर्जन ते हाडावर दाबून बसवतात. १०-१५ मिनिटांत तापून कडक होतं.

खरं तर ते डिंकासारखं चिकटतच नाही! हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून अडकून बसतं.

पुढे कधी पाय टेकताना नव्याने दुखू लागलं, तर लगेच एक्स-रे काढा. कृत्रिम सांधा सैल झालेला असू शकतो.