मेंदू, विश्व आणि एक साधा हिशोब

अगं पोरी,

काल रात्री पाठवलेला फोटो बघितला, एकीकडे मेंदूच्या पेशी, दुसरीकडे गॅलेक्सींचं जाळं, आणि खाली तुझा प्रश्न, "काका, विश्व म्हणजे एक मोठा मेंदूच आहे का?" मी शास्त्रज्ञ नाही, सगळं आयुष्य एसटी डेपोच्या हिशोबात गेलं, पण या विषयाने मलाही खूप वर्षं झोपू दिलेलं नाही म्हणून लिहितोय.

साम्य खरं आहे बरं का. 2020 मध्ये इटलीतले खगोलशास्त्रज्ञ फ्रँको वाझा आणि न्यूरोसर्जन अल्बर्टो फेलेत्ती यांनी ते मोजलं, मेंदूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली घेतले, विश्वाचं कॉम्प्युटर सिम्युलेशन घेतलं, आणि कुठे किती दाटी आहे याचे आलेख जुळवले तर लहान मेंदूशी, म्हणजे डोक्यात मागे-खाली असतो त्या भागाशी, ते बरेच जुळले. पण विश्व विचार करतं असं त्यातून निघत नाही, जाळ्याची वीण सारखी आहे एवढंच.

विचार करायचा तर पेशींसारखे आपसात निरोप धाडायला हवेत, म्हणून आता कागद-पेन घे. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी गॅलेक्सी यांच्यात अंतर 25 लाख प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही एक निरोप जायला 25 लाख वर्षं. विश्वाचं वय साधारण 1380 कोटी वर्षं. भागाकार कर, साडेपाच हजारच्या आसपास येतो. म्हणजे विश्व जन्मल्यापासून एकामागून एक निरोप धाडत बसलं असतं तरी या दोन शेजाऱ्यांत तेवढेच झाले असते, आणि तुझ्या डोक्यातला एखादा जोरात चाललेला न्यूरॉन, म्हणजे निरोप देणारी पेशी, तेवढे सिग्नल मिनिटाभरात देऊन मोकळा होतो! हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी ओट्याजवळ उभा होतो, चहा उतू गेला तरी कळलं नाही.

म्हणून सांगतो, काही भव्य वाचलंस की आधी विचार, हे मोजलं कुणी? मेंदूत 10,000 कोटी न्यूरॉन असतात असं सगळे वर्षानुवर्षं लिहीत होते, मग ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या टीमने मेंदूचं अक्षरशः सूप करून त्यातली पेशींची केंद्रकं मोजली आणि 2009 मध्ये आकडा सांगितला 8,600 कोटी. मला ही बाई फार आवडते.

आणि "पिंडी ते ब्रह्मांडी" तू लिहिलंस ते मलाही प्रिय आहे, पण ते आतल्या अनुभवाचं बोलणं आहे गं, त्याच्या खाली हा फोटो पुरावा म्हणून चिकटवू नकोस, दोघांवरही अन्याय होतो.

हे जाळं काही परक्यांचंच नाही. 400 कोटी प्रकाशवर्षं लांबचा सरस्वती नावाचा गॅलेक्सींचा महासमूह 2017 मध्ये जाहीर केला तो आपल्या पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या लोकांनी. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी प्रदर्शन असतं, 45 मीटरच्या त्या डिश जवळून बघायच्या असतील तर सांग, नारायणगावच्या स्टँडवर सकाळी आठला भेटू. येताना तो भागाकार स्वतः करून आण.

तुझा काका